नव्या कॅमेरा ड्रोनसाठी पूरक साहित्य : कमी खर्चात काय घ्यावे आणि काय टाळावे

पहिला ड्रोन घरी आला त्याच आठवड्यात मी त्याच्यासाठी वीस-बावीस वस्तूंचा एक संच मागवला होता. वर्षभराने त्यातल्या जेमतेम तीन वस्तू माझ्या बॅगेत उरल्या होत्या आणि बाकीच्या कपाटाच्या तळाशी गेल्या होत्या. सहा फिल्टरांपैकी दोनच कधी लेन्सवर चढले, पायांना लावायच्या उंच खुरांनी पोटाखालचे सेन्सर झाकले, आणि पात्यांचा जो जादा जोड आला होता तो बसवल्यावर ड्रोन शिट्टी वाजवत उडू लागला. दरम्यान ज्या दोन गोष्टींची खरी गरज होती, म्हणजे पुरेशा गतीचे मेमरी कार्ड आणि दुसरी बॅटरी, त्यांच्यासाठी पैसे शिल्लक राहिले नव्हते.

त्या अनुभवातून मी खरेदीपूर्वी एकच प्रश्न विचारायला शिकलो : ही वस्तू ड्रोनसोबत हवेत जाणार आहे की जमिनीवर राहणार आहे? हवेत जाणाऱ्या वस्तूंमध्ये, म्हणजे बॅटरी, पाती, कार्ड आणि फिल्टर यांमध्ये, संख्या कमी ठेवावी परंतु दर्जात तडजोड करू नये. जमिनीवर राहणाऱ्या वस्तूंमध्ये मात्र स्वस्त पर्याय, घरगुती पर्याय, प्रसंगी पुठ्ठ्याचा पर्यायसुद्धा चालतो. पुढील पायऱ्या हाच फरक डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

खरेदीला बसण्यापूर्वी पुढील गोष्टी हाताशी ठेवाव्यात :

- ड्रोनच्या माहितीपुस्तिकेतील तांत्रिक तपशिलांचे पान. वजन, बॅटरीचा प्रकार, कार्डाची शिफारस आणि चार्जिंगची क्षमता तिथेच सापडते.
- खोक्यातील वस्तूंची यादी आणि खरेदीचे बिल.
- एक ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा स्वयंपाकघरातील छोटा काटा.
- एक वही. मोबाइलमधील टिपणही चालेल, पण नोंद प्रत्येक उड्डाणानंतर लगेच व्हायला हवी.

१. आधी खोके नीट पाहा, मग दहा उड्डाणे करा

नवशिक्यांकडून सर्वाधिक खर्च होतो तो आधीच मिळालेल्या वस्तू पुन्हा घेण्यात. बहुतेक ड्रोनच्या खोक्यात जादा पाती, त्यांचे स्क्रू, छोटा स्क्रूड्रायव्हर, गिंबलचे, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेचे, संरक्षक आवरण आणि रिमोटला फोन जोडायच्या केबली आलेल्या असतात. यादी हातात घेऊन एकेक वस्तू बाहेर काढावी आणि त्यावर खूण करावी.

ड्रोन अजून घेतलाच नसेल, तर साधे खोके आणि मोठा संच यांतील फरक कागदावर मांडून पाहावा. मोठ्या संचात बहुधा दोन जादा बॅटऱ्या, त्यांचे चार्जिंग हब आणि बॅग असते. या वस्तू सुट्या घेतल्यास बेरीज अनेकदा संचाच्या किमतीपेक्षा जास्त होते, परंतु एकच जादा बॅटरी पुरणार असेल तर हा हिशेब उलटतो.

त्यानंतर मेमरी कार्डाखेरीज काहीही न घेता दहा उड्डाणे करावीत आणि प्रत्येक उड्डाणानंतर काय अडले ते वहीत लिहावे. "ऊन असल्यामुळे स्क्रीन दिसली नाही", "बॅटरी संपली तेव्हा प्रकाश नुकताच चांगला झाला होता", "उतरताना धूळ उडाली" अशा ओळी जमू लागल्या की खरेदीची यादी आपोआप तयार होते, आणि ती कोणत्याही जाहिरातीपेक्षा भरवशाची असते.

२. वजनाचा हिशेब मांडा

अनेक देशांच्या ड्रोनविषयक नियमांमध्ये २५० ग्रॅम ही महत्त्वाची सीमारेषा आहे आणि त्यामुळेच बाजारात २४९ ग्रॅमचे इतके ड्रोन दिसतात. हे वजन उड्डाणाच्या वेळचे धरले जाते, म्हणजेच त्यात बॅटरी, पाती आणि ड्रोनवर चिकटवलेला प्रत्येक तुकडा मोजला जातो. २४९ ग्रॅमच्या ड्रोनवर पात्यांचे कुंपण, दिवा किंवा रंगीत स्टिकरांचा जाडसर थर चढवला की तो वेगळ्या गटात जातो, आणि मग नोंदणी, परवाना व उड्डाणक्षेत्र यांचे वेगळे नियम लागू होऊ शकतात. जास्त वेळ उडवणाऱ्या मोठ्या क्षमतेच्या बॅटऱ्यांबाबतही हेच घडते. काही छोट्या ड्रोनसाठी अशी अधिकृत बॅटरी मिळते, पण ती बसवली की ड्रोन २५० ग्रॅमच्या वर जातो. आपल्या ठिकाणचा नियम आधी वाचावा, मग वस्तू निवडावी आणि ती बसवून ड्रोन काट्यावर ठेवून पाहावा.

नियमांचा प्रश्न नसला तरी वजन फुकट उचलले जात नाही. प्रत्येक जादा ग्रॅमसाठी मोटरींना अधिक वीज लागते आणि उड्डाणाचा वेळ घटतो.

३. मेमरी कार्ड : आकारापेक्षा गती पाहा

कार्डावर इतक्या खुणा असतात की नवा माणूस गोंधळून जातो. चित्रीकरणासाठी त्यातली एकच खूण निर्णायक ठरते, ती म्हणजे सातत्याने लिहिण्याची किमान गती. "व्ही३०" किंवा "यू३" असलेले कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहू शकते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला १५० किंवा १७० हा आकडा बहुधा वाचण्याच्या गतीचा असतो आणि चित्रीकरणाशी त्याचा संबंध नसतो. "ए१" व "ए२" या खुणा फोनमध्ये अ‍ॅप चालवण्यासाठीच्या आहेत. त्यांच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

आता आपली गरज काढू. ड्रोन सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रीकरण करत असेल, तर ८ बिटांचा एक बाइट या हिशेबाने सेकंदाला १२.५ मेगाबाइट लिहिले जातात. १५० मेगाबिटला हा आकडा १८.७५ होतो. दोन्ही ३० च्या आत असल्यामुळे व्ही३० पुरते आणि व्ही६० किंवा व्ही९० वर खर्च करण्याचे कारण उरत नाही. साठवणुकीचे गणितही सोपे आहे : १०० मेगाबिटने तासाला ४५ गिगाबाइट, म्हणजे वीस मिनिटांच्या एका उड्डाणाला १५ गिगाबाइट. तीन बॅटऱ्यांचे चित्रीकरण ६४ गिगाबाइटच्या एका कार्डात मावते. माझे मत असे की २५६ चे एक कार्ड घेण्याऐवजी ६४ ची दोन घ्यावीत, कारण कार्ड बिघडले किंवा ड्रोन पाण्यात गेला तर निदान आधीचे चित्रीकरण हाती राहते.

माझे पहिले कार्ड जुन्या फोनमधून काढलेले होते. सूर्यास्ताच्या वेळी ड्रोन छान वळण घेत असताना स्क्रीनवर कार्डाची गती अपुरी असल्याचा इशारा आला आणि चित्रीकरण थांबले. पुन्हा सुरू केले, सात-आठ सेकंदांनी पुन्हा थांबले. त्या संध्याकाळचे माझ्याकडे तीन तुकडे आहेत, आणि एकातही सूर्य बुडताना दिसत नाही.

सापळा : नकली कार्डे सर्रास विकली जातात. अशा कार्डात प्रत्यक्ष जागा कमी असते, पण ते संगणकाला मोठा आकडा सांगते, आणि खरी जागा भरली की पुढचे चित्रीकरण नष्ट होते. नवे कार्ड आल्याबरोबर "एचटूटेस्टडब्ल्यू" किंवा "एफथ्री" या मोफत प्रणालीने ते पूर्ण भरून तपासावे. तपासणीला बराच वेळ लागतो, म्हणून ती रात्री लावून ठेवावी. त्यानंतर कार्ड ड्रोनमध्येच फॉरमॅट करावे.

कार्डाबरोबर एक साधा कार्ड रीडर अवश्य घ्यावा. ड्रोनला केबल लावून फायली उतरवता येतात खऱ्या, पण त्या वेळी ड्रोनची बॅटरी खर्च होते आणि हवेचा झोत नसल्यामुळे त्याचे अंग चांगलेच तापते.

४. बॅटरी : खर्चाचा मोठा वाटा इथेच जाऊ द्या

खोक्यावर ३० मिनिटे लिहिलेली असतात ती वारा नसताना आणि बॅटरी जवळजवळ संपेपर्यंत उडवल्यावर मिळतात. प्रत्यक्षात २५ ते ३० टक्के शिल्लक असताना परतायचे असते, वाटेत वारा असतो, दोनदा तरी दृश्य पुन्हा टिपावे लागते. त्यामुळे हाती सुमारे वीस मिनिटे उरतात. म्हणून एक जादा बॅटरी हवीच. दोन असतील तर सकाळचा किंवा संध्याकाळचा चांगला प्रकाश आरामात पुरतो. तीनपेक्षा अधिक बॅटऱ्या नव्या माणसाने घेऊ नयेत, कारण न वापरताही त्या जुन्या होतात.

बॅटरी उत्पादकाचीच घ्यावी. आधुनिक ड्रोनची बॅटरी म्हणजे निव्वळ विजेचा साठा नसतो. आतले छोटे सर्किट प्रत्येक सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज), तापमान आणि उरलेली वीज ड्रोनला कळवते. घरी परतण्याचा इशारा केव्हा द्यायचा हे ड्रोन त्यावरूनच ठरवतो. नकली बॅटरीने चुकीचा आकडा सांगितला, तर स्क्रीनवर २० टक्के दिसत असताना ड्रोन खाली येऊ लागतो.

वापरलेली बॅटरी स्वस्तात मिळत असेल तर ती ड्रोनमध्ये घालून अ‍ॅपमध्ये चार्जिंगच्या आवर्तनांची संख्या पाहावी. मग ती सपाट काचेवर ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबावे. डुगडुगली किंवा ड्रोनच्या खोबणीत घट्ट अडकू लागली, तर ती फुगलेली आहे असे समजून परत करावी, मग किंमत कितीही कमी असो.

साठवणुकीचा खर्च शून्य आहे, पण बॅटरीचे आयुष्य त्यावर ठरते. काही दिवस उडवायचे नसेल तर बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर ठेवावी. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी बॅटरी महिनोन्‌महिने ठेवली तर तिची क्षमता घटते. बऱ्याच बॅटऱ्या काही दिवसांनी स्वतःच थोडी वीज सोडून देतात आणि तेव्हा किंचित कोमट लागतात, त्याने घाबरून जाऊ नये. थंड हवेत बॅटरीचा विद्युतदाब लवकर पडतो, म्हणून हिवाळ्यात ती उड्डाणापर्यंत आतल्या खिशात ठेवावी.

विमानप्रवासात जादा बॅटऱ्या हातातील सामानातच न्याव्या लागतात. चेक-इन केलेल्या सामानात त्या चालत नाहीत. साधारण मर्यादा १०० वॅट-तासांची आहे आणि १०० ते १६० वॅट-तासांसाठी विमानकंपनीची परवानगी लागते. हा आकडा बॅटरीवर छापलेला असतो. नसेल तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा : ७.३८ व्होल्ट आणि २४५३ मिलिअँपिअर-तासांची बॅटरी १८.१ वॅट-तासांची होते, म्हणजे मर्यादेच्या पुष्कळ आत. धातूची टोके उघडी राहू नयेत म्हणून प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवावी किंवा टोकांवर चिकटपट्टी लावावी. अग्निरोधक पिशवी स्वस्त असते आणि ती घ्यावी असे मी म्हणेन, पण तिच्या भरवशावर चार्जिंग लावून घराबाहेर जाऊ नये.

५. चार्जर, हब आणि केबल

दोनपेक्षा अधिक बॅटऱ्या असतील तर हब उपयोगी पडते. अनेक हब बॅटऱ्या एकामागून एक भरतात, त्यामुळे हबमुळे एकूण वेळ फारसा वाचत नाही. रात्री उठून बॅटरी बदलण्याचे कष्ट मात्र वाचतात. खरा फरक चार्जरमुळे पडतो. जुन्या फोनचा १० वॅटचा चार्जर १८ वॅट-तासांच्या बॅटरीला दोन तासांहून अधिक घेतो, तर माहितीपुस्तिकेत ३० वॅट मान्य असतील आणि तसा यूएसबी-सी चार्जर असेल, तर तेच काम तासाभराच्या आसपास होते. लॅपटॉपसोबत आलेला यूएसबी-सी चार्जर घरात पडून असेल तर आधी तो लावून पाहावा. कदाचित नव्या चार्जरची गरजच नसेल.

उड्डाणानंतर गरम असलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. रिमोट आणि फोन यांना जोडणारी जादा केबल मात्र बॅगेत असू द्यावी, कारण ती नेमकी घरापासून दूर गेल्यावरच तुटते.

६. पाती : छोटी वस्तू, मोठा परिणाम

चार मोटरींपैकी दोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि दोन उलट दिशेने फिरतात, त्यामुळे पातीही दोन प्रकारची असतात आणि त्यांच्यावर तशी खूण असते. अदलाबदल झाली तर ड्रोन उड्डाण घेतानाच कलंडतो. जादा पाती उत्पादकाचीच घ्यावीत. त्यांची किंमत एकंदर खर्चात नगण्य असते आणि तरीही लोक बचत करतात ती इथेच.

एकदा सलग दोन दिवस माझ्या चित्रीकरणात क्षितिजाची रेघ जेलीसारखी थरथरत होती. मी गिंबल बिघडले असे समजून दुरुस्तीची चौकशीही केली. शेवटी दिव्याखाली एकेक पाते धरून त्याच्या पुढच्या कडेवरून नख फिरवले, तेव्हा तिसऱ्या बाहूवरच्या एका पात्याला तिळाएवढी खाच सापडली. तेवढ्या खाचेने पात्याचा तोल जातो, मोटर थरथरते आणि ती थरथर ओळीओळीने चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर उमटते. त्या बाहूवरची दोन्ही पाती बदलताच दृश्य स्थिर झाले.

तेव्हापासून मी उड्डाणापूर्वी नख फिरवतोच. घडीच्या छोट्या ड्रोनमध्ये एका बाहूवरची दोन्ही पाती वजनाने जुळवलेली असतात, म्हणून ती जोडीने बदलावीत आणि सोबत आलेले नवे स्क्रू वापरावेत. त्यांच्या आट्यांवर ते सैल होऊ नयेत म्हणून लेप दिलेला असतो. पात्यांचे कुंपण फक्त घरात किंवा हॉलमध्ये सराव करण्यापुरते घ्यावे. मोकळ्या जागेत ते वारा धरते आणि बॅटरी खाते.

७. जमिनीवरचे साहित्य : इथे काटकसर करा

लँडिंग पॅडचा उपयोग खरा आहे, कारण धूळ, ओले गवत आणि बारीक खडे गिंबलच्या सांध्यांत शिरतात. छोट्या ड्रोनला ५० ते ७५ सेंटिमीटर व्यासाचे पॅड पुरते. मात्र ते खुंट्यांनी जमिनीत रोवावे किंवा कडांवर दगड ठेवावेत, नाहीतर उतरणाऱ्या ड्रोनचा झोत त्याची कड उचलतो आणि ती थेट पात्यांत जाते. गाडीतील रबरी पायपुसणे वजनदार असल्यामुळे तितकेच चांगले काम देते. मी अजूनही तेच वापरतो.

उन्हात स्क्रीन दिसत नसेल तर फोनवर लावायची छत्री मिळते, पण काळ्या पुठ्ठ्याचे तीन तुकडे आणि चिकटपट्टी यांतूनही ती दहा मिनिटांत तयार होते. फोनच्या पाठीला हवा लागेल एवढी मोकळीक तेवढी ठेवावी.

बॅग खास ड्रोनचीच हवी असे नाही. आत फोमचे कप्पे असलेली कोणतीही घट्ट बंद होणारी पिशवी चालते. तीत गिंबलचे आवरण, हवेचा हातपंप आणि मऊ मायक्रोफायबर कापड असावे. डब्यातील दाबाखालच्या हवेचा फवारा गिंबलवर मारू नये.

८. एनडी फिल्टर : आधी मोजा, मग घ्या

फिल्टर हा चित्रीकरणासाठीचा गॉगल आहे. सेकंदाला २५ चौकटी टिपताना शटरची गती १/५० सेकंदाच्या आसपास असेल तर हालचाल डोळ्याला सहज वाटते. भर उन्हात मात्र शटर त्याच्या कितीतरी पुढे जाते आणि दृश्य तुटक दिसते. केवळ छायाचित्रे काढणाऱ्यांनी ही पायरी सोडून दिली तरी चालेल.

सहा फिल्टरांचा संच घेण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करावा. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १०० करावा आणि प्रकाश योग्य दिसेल तेव्हाचे शटर वहीत लिहावे. मग त्याला ५० ने भागावे. शटर १/१६०० असेल तर उत्तर ३२ येते, म्हणजे एनडी३२ हवा. ढगाळ दिवशी १/४०० आले तर एनडी८ पुरतो. क्रमांकाचा अर्थच असा आहे की फिल्टर प्रकाश तितक्या पटीने कमी करतो. आठवड्याच्या नोंदी पाहिल्यावर बहुतेकांना दोनच फिल्टर लागतात असे दिसून येईल.

फिल्टर नेमक्या आपल्या मॉडेलसाठी बनवलेला असावा, कारण गिंबलचा तोल त्याच्या वजनावर अवलंबून असतो. तो ड्रोन बंद असतानाच बसवावा. पोलरायझर (पाण्यावरची चमक कमी करणारा फिल्टर) मात्र सुरुवातीला घेऊ नये : ड्रोन वळला की त्याचा परिणाम बदलतो आणि एकाच दृश्यात पाण्याचा रंग मध्येच पालटतो.

९. ज्या वस्तूंवरून हात मागे घ्यावा

रिमोटच्या अँटेनावर लावायची चकचकीत पत्र्याची तबकडी, ड्रोनला वस्तू लटकवायचा आकडा, गिंबलला लावायचे रंगीत आवरण आणि उंच खुरे यांपैकी काहीही नव्या माणसाला लागत नाही. सिग्नल वाढवणारे विजेवरचे यंत्र तर घेऊच नये. अनेक ठिकाणी ते बेकायदेशीर असते, आणि ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा असल्यामुळे त्याची गरजही नसते. चमकणारा दिवा केवळ तिन्हीसांजेच्या किंवा रात्रीच्या उड्डाणाला परवानगी असेल तरच घ्यावा, तोही वजन करून.

१०. माल हाती आल्यावर त्याच दिवशी

परत करण्याची मुदत चालू असतानाच सर्व तपासून घ्यावे. कार्ड पूर्ण भरून पाहावे. प्रत्येक नवी बॅटरी ड्रोनमध्ये घालून तिचे फर्मवेअर, म्हणजे आतील सर्किट चालवणारी प्रणाली, अद्ययावत करावे, कारण बॅटऱ्यांनाही स्वतंत्र फर्मवेअर असते आणि ते जुने असल्यास काही ड्रोन उड्डाणच घेत नाहीत. बॅटरीवरील क्रमांकाचे आणि वॅट-तासांच्या आकड्याचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे. नवी पाती व फिल्टर बसवून ड्रोन काट्यावर ठेवावा आणि ते वजन वहीत लिहावे. त्यानंतर मोकळ्या मैदानात डोक्याएवढ्या उंचीवर दोन मिनिटे ड्रोन स्थिर ठेवून आवाज ऐकावा आणि घरी येऊन ते चित्रीकरण मोठ्या पडद्यावर पाहावे. क्षितिज थरथरत नसेल आणि आवाजात शिट्टी नसेल, तर बिल जपून ठेवून खोके टाकून द्यायला हरकत नाही.